शिकरण ते शेक : एका पेल्यामागचा इतिहास

मे महिन्यात देवपुरात पारा चाळिशी ओलांडतो. पांझरेच्या उत्तर काठावरच्या धुळे शहराच्या या भागात दुपार कलली की घराघरांतून मिक्सर फिरल्याचा आवाज येऊ लागतो. दोन पिकलेली केळी, तापवून गार केलेले दोन वाट्या दूध, चमचाभर साखर, चिमूटभर वेलदोड्याची पूड. अर्ध्या-पाऊण मिनिटात पेल्यात जे उतरते ते जिभेला मलईसारखे लागते. गंमत अशी की त्यात मलई घातलेलीच नसते. दुधावरची साय तर विरजणासाठी आधीच काढून ठेवलेली असते.

मग हा स्निग्धपणा आला कुठून? प्रश्न साधा आहे. उत्तर शोधू लागलो तर मात्र आपल्याला न्यू गिनीच्या दलदलीपासून रावेर-यावलच्या बागांपर्यंत आणि सोळाव्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथापासून मुंबईतल्या एका अभियंत्याच्या घरापर्यंत जावे लागते. शाळेत पाककृती शिकवण्याची पद्धत नाही. पण एका पेल्यात वनस्पतिशास्त्र, रसायन, यंत्र आणि इतिहास असे चार विषय एकत्र येत असतील, तर शिक्षकांनी तो पेला हातात घ्यायला हरकत नसावी.

आधी जिभेबद्दल थोडे. चॉकलेट बनवणाऱ्यांचा अनुभव असा आहे की सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या तीन शतांशापेक्षा, मोठे कठीण कण जिभेला खरखरीत लागतात. त्याहून बारीक कण वेगवेगळे जाणवत नाहीत. कण मऊ असले तर ते याहून मोठे असूनही खपून जातात. तेव्हा स्निग्धपणा केवळ चरबीमुळे येतो असे नाही. पदार्थातले सर्व काही पुरेसे बारीक आणि मऊ झाले, आणि ते द्रवात एकसारखे तरंगत राहिले, तर जीभ त्याला मलई समजते. शेकचा इतिहास म्हणजे बारीक करण्याचा इतिहास, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच.

बी हरवलेले फळ

या बारीक करण्याची सुरुवात स्वयंपाकघरात झाली नाही. रानकेळे कापून पाहिले तर त्यात मिऱ्याएवढ्या टणक काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात आणि गर नावापुरता असतो. असे केळे मिक्सरमध्ये टाकले तर शेकऐवजी वाळू मिळेल. न्यू गिनी बेटावर कूक नावाच्या दलदलीच्या जागी झालेल्या उत्खननात, तेथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती असे पुरावे मिळाले आहेत. तेथून आणि आग्नेय आशियातून पुढे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमी बियांची झाडे निवडली. वेगवेगळ्या केळींचा संकर होऊन गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली झाडे निर्माण झाली. तीन संचांची समान वाटणी होत नाही, त्यामुळे बी धरत नाही. केळ्याच्या मध्यभागी आज दिसणारे बारीक काळे ठिपके ही त्या हरवलेल्या बियांची खूण आहे.

बी नाही म्हणजे लागवड कंदापासून, मुनव्यांपासून करावी लागते. मुनवा हा आईचीच हुबेहूब प्रत असतो. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधल्या एका बुटक्या केळीचे रोप मॉरिशसमार्गे इंग्लंडमध्ये गेले. चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरच्या ड्यूकच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या बागप्रमुखाने १८३० च्या दशकात ते वाढवले. ड्यूकचे घराणे कॅव्हेंडिश, म्हणून केळीचेही नाव कॅव्हेंडिश पडले. आपल्याकडे ‘बसराई’ म्हणून ओळखली जाणारी केळी याच गटातली, बुटकी कॅव्हेंडिश. तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांनी हीच केळी वाढवली. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून ती रेल्वेच्या वाघिणींतून दिल्लीकडे जाऊ लागली. १९९० च्या दशकात उतिसंवर्धनाने तयार केलेली ‘ग्रँड नैन’ची रोपे आणि ठिबक सिंचन जळगाव जिल्ह्यात आले आणि बसराईची जागा हळूहळू ग्रँड नैनने घेतली. तीही कॅव्हेंडिशच. २०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

देवपुरातल्या हातगाडीवर फणीने मिळणारे केळे बहुधा याच कुळातले असते. त्याचा गुळगुळीत गर ही आपली मोठी सोय आहे आणि तीच त्याची दुबळी बाजूही आहे. बी नाही म्हणून लैंगिक प्रजनन नाही, प्रजनन नाही म्हणून विविधता नाही. एका झाडाला जो रोग मारतो तो सगळ्या बागेला मारू शकतो. हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारपेठेत ‘ग्रो मिशेल’ या जातीचे राज्य होते. जमिनीतल्या फ्युजेरियम बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने ते १९६० च्या सुमारास संपवले. त्या वेळी कॅव्हेंडिश त्या रोगाला दाद देत नव्हती, म्हणून तिची निवड झाली. आता त्याच बुरशीचा ‘टीआर-४’ नावाचा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो आशियातून पसरत २०१९ मध्ये कोलंबियात पोचला आणि भारतातही बिहार व उत्तर प्रदेशातून त्याची नोंद झाली आहे. एकदा शेतात आला की ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यावर औषध नाही. चिखल लागलेले बूट, अवजारे आणि रोगट मुनवे यांच्यावाटे ती प्रवास करते. खानदेशातल्या मुलांना हे माहीत असणे शेतकऱ्यांइतकेच गरजेचे आहे. त्यातली कित्येक मुले केळीबागांच्या घरचीच आहेत.

पहिला मिक्सर : पिकणे

हिरवे केळे मिक्सरमध्ये घातले तर शेक होत नाही, चिकट, तुरट लगदा होतो. हिरव्या केळ्यात वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा पिष्ट असते. पूर्ण पिकल्यावर ते एक-दोन टक्क्यांवर येते आणि त्याची जागा साखर घेते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात, जशा भिंतीतल्या विटा चुन्याने. पिकताना फळातली विकरे हा चुना सैल करतात, पेशी सुट्या होतात आणि गर मऊ पडतो. म्हणजे आपण बटण दाबण्याआधीच निम्मे दळण झालेले असते. सुटलेले पेक्टिन दुधात मिसळून ते दाट करते. त्यामुळे गराचे कण खाली बसत नाहीत आणि हवेचे बुडबुडेही टिकतात. साय काढलेल्या दुधाचा शेकसुद्धा मलईदार लागतो तो या पेक्टिनच्या जोरावर.

फळ पिकवण्याची कला जुनी आहे. गवतात अढी घालणे आणि बंद खोलीत धुरी देणे हे आपल्याकडचे परिचित उपाय. ते का लागू पडतात हे मात्र विसाव्या शतकात कळले. १९०१ मध्ये दिमित्री नेल्युबोव या रशियन संशोधकाने दाखवले की प्रयोगशाळेतल्या दिव्याच्या वायूतील इथिलीनमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात. अमेरिकेत हिरवी लिंबे पिवळी करण्यासाठी ती रॉकेलच्या स्टोव्हने तापवलेल्या खोलीत ठेवत. काम उष्णतेने होते अशी समजूत होती. प्रत्यक्षात ते धुरातल्या वायूंमुळे होते, आणि त्यांतला कामाचा वायू इथिलीन हे १९२४ च्या सुमारास फ्रँक डेनी यांनी सिद्ध केले. १९३४ मध्ये इंग्लंडात रिचर्ड गेन यांनी पुढचा पुरावा दिला : पिकणारे फळ स्वतःच इथिलीन सोडते. एक पिकले फळ शेजारच्या फळांना पिकवते, हे आपण अढीत पाहतो त्याचे कारण सापडले. धुरी देणाऱ्या आपल्या आजोबांना इथिलीन ठाऊक नव्हते, पण त्यांचा हात योग्य ठिकाणी होता.

येथेच आज खोट शिरते. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्याला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो. कोवळा माल त्याने झटपट पिवळा दिसू लागतो. पण फळ झाडावर पुरेसे भरलेलेच नसेल तर साल पिवळी होऊनही गोडी आणि वास बेताचाच राहतो. शिवाय बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. म्हणून फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर भारतात कायद्याने बंदी आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पर्याय म्हणून इथिलीन वायूला परवानगी दिली आहे; त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत असावे लागते. मुलांनी ‘कृत्रिम म्हणजे वाईट’ असा सरसकट धडा घेऊ नये. इथिलीनच्या खोलीत पिकलेले केळे आणि अढीत पिकलेले केळे यांच्यात काम करणारा रेणू एकच आहे. कार्बाइडबद्दलची तक्रार त्याच्यातल्या विषारी भेसळीबद्दल आहे. हा फरक करता येणे म्हणजेच विज्ञान शिकणे.

फडके, रवी आणि पाते

आता हातांच्या कामाकडे वळू. ‘शिकरण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘शिखरिणी’वरून आला असे मानतात. ही शिखरिणी केळ्याची नव्हती. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात तिची कृती आहे, तेथे तिला ‘रसाला’ असेही म्हटले आहे. म्हशीचे पाणी निथळलेले आंबट दही आणि पांढरी साखर स्वच्छ फडक्यावर थोडी थोडी घ्यायची, दूध घालत घालत चोळून खाली उतरवायची आणि मग वेलदोडे, लवंग, कापूर, मिरे यांचा वास द्यायचा. हा पदार्थ खवय्या भीमाने रचला अशी कथाही तेथे जोडलेली आहे. श्रीखंड करणाऱ्या कोणत्याही घरात ही कृती लगेच ओळखू येईल. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते फडके. कापडाच्या वीणीतून दाबून काढले की गाठी फुटतात, कण बारीक होतात आणि एकसारखे होतात. मऊपणासाठी चाळणे आणि चोळणे हे तंत्र आपल्या पाककलेत शतकांपूर्वी पक्के झालेले होते.

केळ्याच्या शिकरणात हे चोळणे हातानेच होते. केळे कुस्करायचे, दूध-साखर घालायची. फोडी आणि तुकडे राहतातच, आणि शिकरणाची मजा त्या तुकड्यांतच आहे. रवीने घुसळले तर आणखी बारीक होते, पण हाताला वेगाची मर्यादा आहे. ती मर्यादा विजेच्या मोटारीने ओलांडली.

‘मिल्कशेक’ हा शब्द अमेरिकेत १८८० च्या दशकात छापून आला, तेव्हा तो अंडे आणि व्हिस्की घातलेल्या पेयासाठी होता. त्याचे साळसूद, फळांचे रूप नंतरचे. १९२२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील रसीन गावच्या स्टीफन पोप्लाव्स्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते बसवले. हॉर्लिक्सचा कारखाना याच गावात होता आणि पोप्लाव्स्कींचे यंत्रही माल्ट घातलेले दूध घुसळण्यासाठीच होते. तळाच्या पात्याने भोवरा तयार होतो, वरचा माल आपोआप खाली ओढला जातो आणि पुनःपुन्हा पात्याखाली येतो. युक्ती एवढीच, पण तिच्यामुळे पेयाचे यंत्र दळणाचे यंत्र झाले.

परदेशी मिक्सर आपल्या स्वयंपाकघरात आले तेव्हा हरभऱ्याची डाळ, ओले खोबरे, सुकी मिरची यांच्यापुढे त्यांच्या मोटारी जळू लागल्या. मुंबईत अभियंता सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी असाच एक परदेशी मिक्सर बंद पडला. त्यांच्या पत्नी माधुरी यांची अडचण पाहून माथुर यांनी जड दळण सोसेल अशा मोटारीचे यंत्र बनवायचे ठरवले. १९६३ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या कंपनीतून ‘सुमीत’ मिक्सर आला. पुढची काही दशके अनेक घरांत मिक्सरला ‘सुमीत’च म्हणत. चटणीसाठी बनलेल्या या ताकदवान मोटारीला केळे म्हणजे किरकोळ काम. भारतीय घरांत फळांचा शेक रुजला तो पाटा-वरवंट्याची जागा घेणाऱ्या यंत्राचे उपउत्पादन म्हणून, असे म्हटले तर चूक होणार नाही.

गारव्याची कथाही अशीच अलीकडची. १८३३ मध्ये बोस्टनहून फ्रेडरिक ट्युडर यांचे बर्फाने भरलेले जहाज कलकत्त्याला पोचले तेव्हा बर्फ ही श्रीमंतांची चैन होती. भारतात बनलेला गोदरेजचा शीतकपाट १९५८ मध्ये आला. गार दूध अधिक दाट असते आणि त्यातला फेस जास्त वेळ टिकतो. बर्फ घातला तर गारवा मिळतो, पण पाणी सुटून दाटपणा जातो. म्हणून बर्फाऐवजी केळ्याच्या चकत्याच गोठवून घेणे हा चांगला उपाय आहे.

दूध कुठे दगा देते

शेकच्या गाड्यावरची पाटी वाचली आहे? केळे, चिकू, सीताफळ, आंबा. संत्रे किंवा लिंबू त्यात नसते. हे योगायोगाने घडलेले नाही. दुधातले केसीन हे प्रथिन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असते. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला की केसीनचे गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटते. केळ्याचा सामू पाचच्या आगेमागे असतो, चिकू आणि सीताफळही सौम्य. त्यांच्यामुळे दुधाचा सामू थोडासाच उतरतो. संत्र्याचा रस साडेतीनच्या जवळ. तो जास्त घातला तर पेल्यात चोथा आणि पाणी वेगळे होतात.

आम्लाखेरीज दुसरा शत्रू आहे विकरांचा. अननसात ब्रोमेलीन, पपईत पपेन. ही विकरे प्रथिनांचे तुकडे पाडतात आणि काही तुकडे चवीला कडू असतात. पपईचा शेक करून ठेवला तर तासाभरात कडवट होतो तो यामुळे. पपेन कच्च्या पपईच्या चिकात भरपूर असते, पिकल्यावर कमी होते. म्हणून फळ पूर्ण पिकलेले घ्यावे आणि शेक लगेच प्यावा. अननस मात्र आधी साखरेबरोबर शिजवून घ्यावा, म्हणजे उष्णतेने विकर निकामी होते. या पपेनचे जळगावशी जुने नाते आहे. १९७८ मध्ये भवरलाल जैन यांनी केळ्याची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून शुद्ध पपेन बनवायला सुरुवात केली. शेकमध्ये नकोसे असणारे विकर औषध आणि खाद्यउद्योगांना हवेसे असते.

आता एक नाजूक प्रश्न. ‘दूध आणि केळे एकत्र घेऊ नये’ असे मुले घरून ऐकून येतात. याला जुना आधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुधाशी विरुद्ध फळांची मोठी यादी आहे. तिच्यात महाळुंग, करवंद, बोर, कवठ, चिंच, आवळा आहेत आणि शेवटी सर्वच आंबट पदार्थ सांगितले आहेत. याच यादीत आंबा, फणस, नारळ आणि केळेही आहे. आंबट फळांनी दूध फाटते हे निरीक्षण अचूक आहे आणि ते इतक्या जुन्या काळी नोंदले गेले याचे कौतुकच करावे. नारळ आणि केळे यांना मात्र हे रसायन लागू होत नाही. शिवाय दूध फाटणे म्हणजे विष होणे नव्हे. साधे दूध प्यायलो तरी जठरातल्या आम्लाने ते घट्ट होतेच, पचनाची ती पहिली पायरी आहे. ज्याला दूध सोसत नाही त्याला शेकही सोसणार नाही, आणि मधुमेह असलेल्याने त्यातली साखर मोजली पाहिजे. परंपरेचे विधान सगळेच स्वीकारायचे किंवा सगळेच टाकायचे, असे दोनच मार्ग नसतात. त्याचे तुकडे करून एकेक तपासता येतो. एकीकडे ग्रंथातली यादी आणि दुसरीकडे पानावरचे शिकरण, असे दोन्ही सांभाळत मराठी स्वयंपाकघराने काही पिढ्या हेच केले आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक हिरवे, एक अर्धवट पिकलेले आणि एक काळे ठिपके आलेले केळे घ्या. प्रत्येकाच्या चकतीवर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. हिरव्या केळ्याची चकती काळी-निळी पडेल, पिकलेल्याची जवळजवळ जशीच्या तशी राहील. पिष्टाची साखर झाल्याचे मुलांना डोळ्यांनी दिसेल. आयोडीन लावलेली चकती कोणी खाणार नाही याची काळजी घ्या.

दुसऱ्या प्रयोगात दोन हिरवी केळी वेगवेगळ्या बंद पिशव्यांत ठेवा आणि एका पिशवीत पूर्ण पिकलेले एक केळे घाला. कोणते आधी पिवळे होते याची रोज नोंद करा. तिसऱ्यात तापवून गार केलेल्या दुधाचे चार पेले करा. एकात कुस्करलेले केळे, एकात लिंबाचा रस, एकात कच्च्या अननसाचा रस आणि एकात उकळून गार केलेला अननसाचा रस घाला. अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहा. शेवटच्या दोन पेल्यांत आंबटपणा जवळजवळ सारखा असल्यामुळे जो फरक पडेल तो मुख्यतः विकराचा, हे मुलांनाच शोधू द्या.

शेवटी शेक करा. साय काढलेल्या दुधाचा एक आणि पूर्ण दुधाचा एक, दोन्हींत सारखेच पिकलेले केळे. मुलांना डोळे मिटून चव घ्यायला सांगा आणि कोणता कोणता ते विचारा. मग तिसरा पेला अर्धवट पिकलेल्या केळ्याचा द्या. दुधातली साय काढल्याने जास्त फरक पडतो की केळ्याचे पिकणे राहिल्याने, याचा निकाल वर्गानेच फळ्यावर मांडावा. पेले मात्र लगेच संपवायला हवेत. केळ्यातले आणखी एक विकर हवेच्या संपर्कात शेकला तपकिरी करायला टपलेले असते.